खिंड राखली, गडावर कोण गेले?

पराभवाला मखरात बसविण्याची एक जुनी सवय आपल्या समाजाला आहे. पालखेडची लढाई फार थोड्यांना सांगता येते. पानिपत मात्र शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. फुटबॉलच्या बाबतीत या सवयीचा प्रत्यय आम्हांस वारंवार येतो. भारताच्या कुमार फुटबॉलचा विषय कोठेही निघाला, की जाणकार म्हणविणारा गृहस्थ एक दीर्घ उसासा टाकतो आणि १ ऑक्टोबर २०१८ या दिवसाचे नाव घेतो. त्या दिवशी मलेशियात आशियाई सोळा वर्षांखालील स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा १-० असा पराभव केला. तो सामना आम्हीही पाहिला. श्वास रोखून पाहिला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्याही घशाखाली घास उतरला नाही. परंतु उसासा म्हणजे परीक्षण नव्हे. इतकी वर्षे लोटल्यावर त्या नव्वद मिनिटांकडे डोळे पुसून पाहावयास आता हरकत नसावी.

त्या दिवशी पणाला काय लागले होते, ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. स्पर्धेतील पहिल्या चार संघांना २०१९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात प्रवेश मिळणार होता. म्हणजे तो एक सामना जिंकला की विश्वचषकाचे दार उघडलेच. २०१७ साली भारत त्या विश्वचषकात खेळला होता खरा, पण यजमान म्हणून. घरचेच कार्य असले म्हणजे पंक्तीत आपले पान मांडलेले असतेच, त्यात मोठेपणा तो कोणता? अमेरिकेने ३-०, कोलंबियाने २-१ आणि घानाने ४-० असे आपणांस हरविले. ९ ऑक्टोबर रोजी कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हीच काय ती त्या स्पर्धेतील कमाई. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच दुसरी मुले, कोणाच्या आमंत्रणावाचून, स्वतःच्या पायांनी चालत त्या पंक्तीच्या दाराशी येऊन ठेपली होती. पात्रतेची परीक्षा देऊन विश्वचषकात उतरण्याचा मान भारताच्या कोणत्याही वयोगटातील मुलांना तोपर्यंत मिळालेला नव्हता. आणि योगायोग असा, की २००२ साली याच स्पर्धेच्या याच टप्प्यावर याच दक्षिण कोरियाने आपणांस ३-१ असे परत पाठविले होते. वयाच्या अटीनुसार २०१८ च्या संघातील सारी मुले त्या वर्षी किंवा त्यानंतर जन्मलेली. एक पिढी जन्मली, वाढली, तिला मिसरूड फुटू लागले. आणि आपण मात्र त्याच उंबरठ्यावर त्याच पाहुण्याशी झोंबत होतो.

पाहुणा सामान्य नव्हता. गटातील तीन सामन्यांत कोरियन मुलांनी ऑस्ट्रेलियाला तीन, अफगाणिस्तानला सात आणि इराकला दोन असे बारा गोल ठोकले होते व स्वतः एकही घेतला नव्हता. भारतानेही तीन सामन्यांत एकही गोल घेतला नव्हता. व्हिएतनामला १-० असे हरवून इराण व इंडोनेशिया यांच्याशी गोलशून्य बरोबरी करून आपली मुले पुढे आली होती. इराणची पेनल्टी गोलरक्षक नीरज कुमारने अडविली, तिची आठवण तेव्हा ताजी होती. तेव्हा दोन अभेद्य तटबंद्यांची ही गाठ होती, असे कागदावर दिसत होते. मैदानावर मात्र पहिल्या काही मिनिटांतच कळून चुकले, की एक तट लढाईवर निघालेला आहे आणि दुसरा केवळ उभा आहे. चेंडू कोरियाकडे, भारताची मुले चेंडूमागे. आडवे पास, मग एकदम उभा पास; उजवीकडून चाल, ती फसली की डावीकडून. आपली बचावफळी दमली नाही, घाबरली नाही, जागा सोडून धावली नाही. सोळा वर्षांच्या पोरांकडून इतकी शिस्त आम्ही फार क्वचित पाहिली आहे. आणि तीही जेथे अपुरी पडली तेथे नीरज कुमारचे हात होते. त्याने एकामागून एक फटके अडविले. मध्यंतराला गोलफलक कोरा होता, आणि आमच्यासारख्या भाबड्यांच्या मनात एक वेडी आशा पालवू लागली होती. अखेर ६८ व्या मिनिटाला जोंग सांग-बिन या कोरियन मुलाने जाळे हलविले. त्या साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला तो पहिला आणि शेवटचा गोल.

हा खेळ पाहताना पावनखिंडीची आठवण कोणा मराठी माणसास होणार नाही? आम्हांसही झाली. परंतु ती उपमा द्यावयाची तर पुरी दिली पाहिजे. १६६० साली बाजीप्रभू देशपांड्यांनी ती खिंड अडविली ती केवळ अडविण्याच्या हौसेने नव्हे. मागे वाट चालू होती. महाराज विशाळगडाकडे निघाले होते. बाजींच्या प्रत्येक घटकेचा हिशेब त्या वाटेवरच्या कोसांत होत होता, आणि गडावरून तोफांचे बार ऐकू आल्यावरच त्यांच्या लढण्याचे सार्थक झाले, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. आता मलेशियातल्या त्या मैदानाकडे पाहा. खिंडीत मुले जिवाच्या कराराने उभी होती यात संशय नाही. पण गडाच्या वाटेने कोण चालले होते? ६८ मिनिटे राखलेली ती वेळ कोणासाठी राखली होती? अडविलेला चेंडू पुढे जाई, दोन पास टिके आणि पुन्हा कोरियाच्या पायांशी येऊन पडे. तोफांचे बार होणार तरी कोठून!

येथे थोडा हिशेब मांडू. त्या स्पर्धेत भारत चार सामने खेळला. चार नव्वदे तीनशे साठ मिनिटे. एवढ्या अवधीत भारताने गोल केला एक. तोही व्हिएतनामविरुद्ध कर्णधार विक्रम प्रताप सिंगने पेनल्टीवर केलेला. म्हणजे चालत्या खेळातून, चाल रचून, प्रतिपक्षाला चकवून केलेला असा गोल एकही नाही. एक गोल खाल्ल्याचा शोक आपण वर्षानुवर्षे करीत आहो. तीनशे साठ मिनिटांतील त्या रित्या रकान्याकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही.

आम्ही एके काळी शाळेत शिकवीत होतो. उत्तरपत्रिका तपासताना एका प्रकारचा विद्यार्थी हमखास भेटे. त्याच्या कागदावर खाडाखोड नसे, शुद्धलेखनाची चूक नसे. आणि निम्मे प्रश्न सोडलेले असत. चूक होईल या भीतीने त्याने ते हाती घेतलेलेच नसत. अशा मुलाला नापास करताना हात जड होई, कारण जेवढे लिहिले तेवढे सारे बरोबर असे. पण गुण तर लिहिलेल्या उत्तरालाच द्यावयाचे. आपला तो संघ आम्हांस त्या मुलासारखा वाटतो. गोलरक्षकाच्या स्तुतीत आम्हीही कोणाच्या मागे नाही. परंतु सामन्यानंतर जेव्हा गोलरक्षकाशिवाय दुसरे नाव ओठांवर येत नाही, तेव्हा ती स्तुती उरलेल्या दहांवरचा आरोप असते हे विसरता कामा नये.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. आणखी बावीस मिनिटे निभावली असती तर निकाल पेनल्टीवर लागला असता, आणि गोलात नीरज होता! पुढे उपांत्य सामन्यात याच कोरियाला ताजिकिस्तानने १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवरच हरविले, हेही सांगितले जाते. हा युक्तिवाद आम्हांस मोह घालतो, हे नाकारीत नाही. पण त्यातील एक तपशील गाळला जातो. ताजिकिस्तानने त्या सामन्यात कोरियाविरुद्ध एक गोल केला होता. सगळ्या देशाची लोकसंख्या मिळून मुंबई शहराएवढी नाही. पण त्यांच्या मुलांना चेंडू पुढे कसा न्यावा हे ठाऊक होते. ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि तेथेही जपानकडून अवघ्या एका गोलाने हरले.

यात शिक्षकाला बोल लावणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे होईल. संघाचे प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस हे गोव्याचे. स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले, मुलांत रमणारे, आरडाओरडा न करता काम करणारे. त्यांनी वाट्यास आलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, आणि उत्तम थापल्या. बारा गोल करणाऱ्या संघासमोर छाती उघडी टाकून धावले असते तर अफगाणिस्तानची गत झाली असती. स्पर्धेच्या आधी ऑगस्ट महिन्यात याच मुलांनी जॉर्डनमध्ये इराकला १-० असे हरविले होते; परदेशचे दौरे, लांबलचक शिबिरे, सारे काही त्यांना मिळाले होते. महासंघाने त्या वेळी हात आखडता घेतला नाही हे कबूल करावयास हवे. आमचे म्हणणे निराळेच आहे. बचाव शिबिरात शिकविता येतो. चौदा वर्षांची मुले घ्या, एकत्र ठेवा, दोन वर्षे घोटून घ्या. कोणी कोठे उभे राहावे, कोणी कोणाची पाठ राखावी हे अंगवळणी पडते. चेंडू पायात असताना दोघांच्या मधून निसटण्याचे धाडस मात्र शिबिरात येत नाही. ते आठव्या, नवव्या, दहाव्या वर्षी यावे लागते आणि शेकडो वेळा चेंडू गमावून यावे लागते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आड कोरडा का, हे पाहावयास क्वालालंपूरला जाण्याचे कारण नाही. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या शालेय स्पर्धेला जावे. आम्ही शिक्षक म्हणून अशा स्पर्धांना मुले घेऊन गेलो आहो. पहाटेची एस. टी., पिशवीत पोळीभाजी, तीन मुलांत मिळून एक बुटांचा जोड. स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीची. हरलात की घरी. आता बाद पद्धतीचे गणित अगदी साधे आहे. सोळा शाळा उतरल्या तर आठ शाळांचे वर्ष पहिल्या सामन्याबरोबर संपते. कितीही शाळा घ्या, निम्म्या मुलांच्या नशिबी वर्षाला एक सामना. आणि तो एक सामना कसा खेळला जातो? सर कडेला उभे राहून ओरडत असतात, ‘मार बाहेर!’ चेंडू आपल्या गोलाजवळ आला की मार बाहेर. पायात खेळविलास तर खबरदार. वर्षाचा एकुलता एक सामना हातचा जाऊ नये म्हणून तो शिक्षक तसे ओरडतो, त्यालाही दोष देववत नाही. शिवाय खेळाच्या वाढीव गुणांचा हिशेब असतोच. संघ जितका वरच्या पातळीवर पोहोचेल तितके मुलाचे गुण वाढतात, आणि पालकांचे लक्ष चेंडूपेक्षा त्या आकड्यावर अधिक. अशा रीतीने आठव्या वर्षापासून पोराच्या हाडामांसात एकच धडा मुरतो: हरू नकोस. त्यातला जो सर्वांत चांगला न हरतो, तो जिल्ह्यात जातो, राज्यात जातो, पुढे देशाच्या शिबिरात जातो. आणि मग एका ऑक्टोबरात कोरियासमोर उभा राहून तो ६८ मिनिटे हरत नाही. त्याला जे शिकविले तेच त्याने चोख करून दाखविले!

कोरियाने यावर काय केले ते सांगण्याजोगे आहे. तेथेही पूर्वी शालेय फुटबॉल बाद स्पर्धांवर पोसला जात असे. मुले वर्गाबाहेर राहून आठवडेच्या आठवडे स्पर्धा खेळत. अभ्यास बुडतो, ही तक्रार तेथेही होतीच. २००९ साली त्यांनी प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी वर्षभर चालणारी, आठवड्याच्या सुट्टीला खेळावयाची साखळी स्पर्धा सुरू केली. वर्गही बुडत नाही आणि दर आठवड्यास सामनाही मिळतो. आज हरला तर पुढच्या शनिवारी पुन्हा मैदान आहेच. आपल्यावर गोल करणारा जोंग सांग-बिन २००२ चा. ती साखळी सुरू झाली त्या वर्षी तो सात वर्षांचा होता. जून २०२१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने आपल्या देशाच्या वरिष्ठ संघातून पहिला सामना खेळून श्रीलंकेविरुद्ध गोलही केला. आपला विक्रम प्रताप सिंग त्याच वर्षी जन्मलेला. मुंबई सिटी संघात त्याने नाव कमावले, २०२३-२४ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्यास उत्कृष्ट होतकरू खेळाडूचा मान मिळाला, आणि २०२४ साली तो राष्ट्रीय संघात आला. मुंबईकरांना त्याचा अभिमान वाटावा असाच तो खेळला. पण एकाच मैदानावर समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन मुलांपैकी एक एकोणिसाव्या वर्षी देशासाठी गोल करतो आणि दुसरा बाविसाव्या वर्षी ‘होतकरू’ ठरतो. ही मधली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

आक्रमण आपल्या रक्तातच नाही, असेही कोणी म्हणतात. हे तद्दन खोटे आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय खेळाडूने एकट्याने तीन गोल केले होते. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकाच्या सामन्यात याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरविले, पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे ते गोल. जर्नेल सिंग तर मूळचा बचावपटू, त्याला त्या सामन्यात पुढे खेळविले होते. रक्त तेच आहे. गल्लीतल्या, चर्चच्या अंगणातल्या, कवायतीच्या मैदानावरच्या अमर्याद खेळातून ते तेव्हा तापत असे. त्या जागा इमारतींनी आणि मोटारींनी खाल्ल्या, आणि त्यांच्या बदल्यात आम्ही मुलांना काही दिले नाही. दिले असेल तर एक दिवस दिला. २०१७ च्या विश्वचषकापूर्वी, १५ सप्टेंबर रोजी, महाराष्ट्रात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा शासनाचा उपक्रम झाला. छायाचित्रे सुंदर आली. १६ सप्टेंबरला त्या मुलांनी काय खेळावे याची योजना आमच्या पाहण्यात आली नाही. कोल्हापुरात तालमींच्या जिद्दीवर फुटबॉल जगला आहे, तेथला अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला. पण एका शहराच्या वेडावर राज्याने किती काळ विसंबावे?

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली, तिचीही नोंद केली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबाद येथे भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई स्पर्धेची पात्रता मिळविली. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो फर्नांडिसच. त्या सामन्यात इराणला बरोबरी पुरेशी होती, आपणांस विजयच हवा होता. आणि पहिला गोल इराणने केला. तेथून मुले उलटली. पहिला गोल पेनल्टीवर आला, पण दुसरा चालत्या खेळातून. मागे पडल्यावर पुढे जाता येते, हे भारताच्या मुलांनी इराणसारख्या संघाला दाखविलेले पाहून आम्हांस जो आनंद झाला, तो २०१८ च्या साऱ्या शौर्यकथेने झाला नव्हता. दरम्यान विश्वचषकाचेही रूप पालटले. २०२५ पासून तो दरवर्षी आणि अठ्ठेचाळीस संघांचा झाला. आशियातून उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठ संघांना त्यात थेट जागा मिळू लागली. म्हणजे ज्या टप्प्यावर २०१८ ची मुले रडत परतली, तो टप्पा गाठणेच आता पुरेसे ठरते. दार रुंद झाले याचा आनंद आहेच. धास्ती इतकीच, की या रुंद दारातून आपण कधी आत गेलो तर मुलांना गोल करावयास शिकविण्याची निकड कोणास भासणार नाही.

शालेय स्पर्धांची वेळापत्रके दिल्लीत ठरत नाहीत, ती जिल्हा क्रीडा कार्यालयांत ठरतात. आमची सूचना तेवढ्यापुरती आहे. एका तालुक्यातील आठ शाळा घ्या. बाद पद्धतीने त्यांच्यात सारे मिळून सात सामने होतात आणि चार शाळा पहिल्याच दिवशी घरी जातात. त्याच आठ शाळा साखळीत एकमेकींशी खेळल्या तर अठ्ठावीस सामने होतात; प्रत्येक मुलाला सात. चौदा शनिवार, दर शनिवारी दोन सामने, एक मैदान, एक पंच, दोन चेंडू. चषकाची किंमत वाचवली तरी चेंडूंचा खर्च निघेल. बारा वर्षांखालील गटात वाढीव गुणांचा प्रश्नच येत नाही, तेव्हा आरंभ त्या गटापासून करता येईल; आणि सरांना एवढे मात्र बजावावे लागेल, की कडेला उभे राहून ‘मार बाहेर’ म्हणावयाचे नाही.